ऑस्टेंडची सहल आखताना: वारा, भरती आणि ट्राम

बेल्जियमला येणारे आपल्याकडचे बहुतेक पाहुणे ब्रसेल्स, गेन्ट आणि ब्रुज पक्कं करून येतात आणि उरलेल्या एका दुपारी "समुद्रही पाहून घेऊ" म्हणून ऑस्टेंडला उतरतात. दुपारी दोनला स्टेशनाबाहेर पडायचं, समोर राखाडी पाणी, कानात शिरणारा वारा, एक वाफल, चार फोटो आणि परतीची गाडी. अशा भेटीत हे गाव हाती लागत नाही. ऑस्टेंडला किमान तीन रात्री मुक्काम हवा, कारण त्यातला एक दिवस पाऊस आणि वारा खाणार हे धरूनच चालायचं. स्थळांची यादी करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: वारा कुठून येतोय, भरती किती वाजता आहे आणि ट्राम कुठे नेते. या तिन्हींचा मेळ बसला की बाकीचं नियोजन सोपं आहे.

आधी महिना ठरवा. जुलै-ऑगस्टमध्येही इथे दिवसाचं कमाल तापमान सरासरी 20-21 अंशांच्या आसपास असतं. समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये जेमतेम 19-20 अंशांपर्यंत पोचतं, मे महिन्यात तर ते 12-13 अंशच असतं. म्हणजे मेच्या सुट्टीत येऊन मुलांना पाण्यात खेळवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. पाय बुडवले तरी पोटऱ्या दुखतात. मे-जून चालण्यासाठी, सायकलीसाठी आणि लांबलचक संध्याकाळींसाठी उत्तम. जूनअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो. 1 जुलै ते 31 ऑगस्ट इथल्या डचभाषक शाळांची सुट्टी असते आणि या काळात सगळा किनारा भरलेला असतो. त्यातही 21 जुलै आणि 15 ऑगस्ट या सुट्ट्यांना लागून आलेले शनिवार-रविवार सर्वांत गर्दीचे. आमच्या मते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला. 1 सप्टेंबरला शाळा सुरू होतात, भाडी उतरतात, आणि पाणी मात्र उन्हाळाभर तापलेलं असल्यामुळे जूनपेक्षा उबदार असतं. याची एक किंमत आहे: जीवरक्षकांचा पहारा तेव्हा कमी झालेला असतो. लहान मुलं घेऊन पाण्यात उतरायचं असेल तर जुलै-ऑगस्टच धरा.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, काम तिथूनच सुरू करावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 दिवसांपर्यंत लांबू शकतं. उन्हाळ्यात खरी अडचण असते ती भेटीची वेळ मिळण्याची, म्हणून जुलैच्या प्रवासासाठी मार्चमध्येच वेळ शोधायला लागा. फी प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा. विमा किमान 30,000 युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू, दोन कोरी पानं असलेला आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा.

अर्ज अडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं म्हणजे अर्ज चुकीच्या देशाकडे जातो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्या देशाकडे. पॅरिसला पाच आणि ऑस्टेंडला तीन रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे करायचा. दुसरं कारण म्हणजे मधल्या एखाद्या रात्रीचा पत्ताच नसतो, किंवा घराच्या आरक्षणावर एकाचंच नाव असतं आणि बाकीचे तिघे कुठे झोपणार ते कागदावर दिसत नाही. आरक्षण करतानाच सगळ्या प्रवाशांची नावं घालायला सांगा आणि रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या. हॉटेलात राहणाऱ्याकडे माणशी दररोज 95 युरो आणि कुणाच्या घरी राहणाऱ्याकडे 45 युरो असावेत, असा बेल्जियमचा हिशेब आहे. खात्यावर तेवढी रक्कम अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेली दिसली तर तिचा उपयोग कमी, शंका जास्त. ब्रसेल्स किंवा ल्युव्हेनला राहणारा भाऊ-बहीण खर्चाची हमी देणार असेल तर त्यांनी आपल्या नगरपालिकेतून परिशिष्ट 3 बिस नावाचा हमीपत्राचा कागद प्रमाणित करून घ्यावा लागतो. त्याला पगाराच्या पावत्या लागतात आणि वेळही जातो. साधं निमंत्रणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता राहण्याची जागा. बेल्जियमचा किनारा पश्चिमेच्या दे पान्नेपासून पूर्वेच्या क्नोकेपर्यंत जेमतेम 67 किलोमीटर. दे हान सुंदर आहे: बुटकी, पांढऱ्या भिंतींची आणि लाल कौलांची घरं, मागे झाडी, आणि आइनस्टाइन 1933 मध्ये जर्मनी सोडल्यावर काही महिने राहिले ते व्हिला सावोयार्दही तिथेच. पण संध्याकाळी सातनंतर पाऊस लागला तर तिथे करण्यासारखं फार काही उरत नाही. क्नोके महाग. ब्लांकेनबर्ग वाळूत खेळणाऱ्या मुलांसाठी सोयीचं, पण तिथे गाड्या कमी. मुक्काम ऑस्टेंडलाच ठेवावा असं आमचं ठाम मत आहे: ब्रसेल्सहून थेट रेल्वे, स्टेशनाला लागूनच ट्राम, पावसात शिरायला संग्रहालयं आणि हिवाळ्यातही चालू असणारं गाव.

भाड्याचं घर घेताना जाहिरातीतले शब्द नीट वाचा. "झेझिख्त" म्हणजे समोर समुद्र. "झाइडेलिंग्स झेझिख्त" लिहिलं असेल तर बाल्कनीतून मान वळवली की दोन इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढाच. शिवाय समुद्रासमोरच्या घरात ऊन कमी येतं हे कुणी सांगत नाही. हा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे. सूर्य सकाळी आणि दुपारी इमारतींच्या मागे असतो, त्यामुळे दहा मजली रांगेची सावली समुद्राकाठच्या रस्त्यावर पडलेली असते. समोरच्या घरांना ऊन मिळतं ते उन्हाळ्यात, दुपार कलल्यावर. त्याच मांडणीमुळे जून-जुलैत सूर्य थेट पाण्यात मावळताना दिसतो आणि डिसेंबरात तो किनाऱ्याच्या रेषेत, जमिनीच्या बाजूला कलतो. एप्रिल किंवा ऑक्टोबरात येणाऱ्यांनी एक गल्ली मागचं, दक्षिणेकडे बाल्कनी असलेलं घर घेतलं तर पैसेही वाचतात आणि सकाळचा चहा उन्हात होतो.

हंगामात घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे, अनामत वेगळी. तीन-चार रात्रींसाठी हॉटेल सुटसुटीत, पण शाकाहारी कुटुंब असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर घेणं फार सोयीचं पडतं. शेगडी कोणती आहे ते आधी विचारा. इंडक्शन असेल तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. घरांमध्ये धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. मोहरी-मिरचीची फोडणी देण्याआधी पंखा लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर अख्खी इमारत जिन्यात उभी राहते. सामानातून तूप, पेढे, बर्फी, चक्का आणायचं नाही. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही अडतो. नारळ मात्र चालतो, आणि सुके बोंबीलही चालतात, फक्त ते अशा तऱ्हेने बांधा की विमानात शेजारच्याला पत्ता लागू नये.

ब्रसेल्स ते ऑस्टेंड थेट गाडीला साधारण सव्वा तास लागतो. गेन्ट आणि ब्रुज वाटेतच. देशांतर्गत गाड्यांना जागेचं आरक्षण नसतं. तिकीट त्या दिवसाचं असतं, एखाद्या ठरावीक गाडीचं नसतं, त्यामुळे एक गाडी चुकली तरी जीव घाबरा करून घेण्याचं कारण नाही. 12 वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मोफत. फलकांवर गाव "ओस्टेंडे" असं दिसेल, ब्रसेल्समधलं "मिडी" फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, "झाउड" होतं आणि ब्रुज "ब्रुग्गे" होतं. तिकिटाच्या यंत्रावर आणि गाडीतल्या घोषणेत हीच नावं येतात, म्हणून आधीच वहीत लिहून ठेवा. उकाड्याच्या दिवशी अर्धं ब्रसेल्स समुद्राकडे निघतं. पूर्वेकडून येणारी ऑस्टेंडची गाडी आधी नोर्ड, मग सेंट्रल आणि शेवटी मिडीला थांबते. मिडीला चढणाऱ्यांना उभं राहावं लागतं, म्हणून दोन स्टेशनं मागे जाऊन नोर्डला चढावं. येताना हा प्रश्न नसतो; ऑस्टेंड हे शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते. ब्लांकेनबर्ग किंवा क्नोकेला रेल्वेने जाणार असाल तर डब्यातला फलक वाचा, कारण ब्रुजला गाडीचे दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या गावांना जाऊ शकतात. संप हा इथला नेहमीचा प्रकार आहे. त्याची सूचना आधी मिळते आणि कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी रेल्वेच्या ॲपवर दिसतं. परतीच्या विमानाच्या आदली रात्र समुद्रकाठी न घालवता ब्रसेल्सला घालवावी, ती याच कारणासाठी.

मोटारीने येणाऱ्यांना एवढंच सांगतो की ऊन असलेल्या रविवारी सकाळी ई-40 महामार्ग याब्बेकेच्या पुढे तुंबतो आणि संध्याकाळी उलट दिशेने. गावात पार्किंग महाग आहे. आणि ऑस्टेंडहून बोटीने इंग्लंडला जाता येईल ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. प्रवासी फेरी कधीच्या बंद झाल्या. रॅम्सगेटची शेवटची सेवा 2013 मध्ये संपली.

किनारी ट्राम हा या सगळ्या बेताचा कणा आहे. दे पान्ने ते क्नोके अशी ही 67 किलोमीटरची एकच लाइन. तिचा पहिला तुकडा 1885 मध्ये ऑस्टेंड ते न्यूपोर्ट असा सुरू झाला. आज "दे लाइन" ही फ्लँडर्सची सार्वजनिक बससेवा ती चालवते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दोन तास वीस मिनिटं लागतात. जगातली सर्वांत लांब ट्राम म्हणून अनेक जण ती सलग करायला जातात, आणि अर्धा वेळ इमारतींच्या मागच्या भिंती पाहून कंटाळतात. समुद्र खरा दिसतो तो राव्हरसाइडेपासून मिडलकेर्केपर्यंत. तिथे रूळ आणि पाणी यांच्यामध्ये फक्त बांध आहे. ऑस्टेंडहून दे पान्नेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. दुसरा सुंदर तुकडा दे हानच्या आसपासचा, झाडीतून जाणारा.

ट्रामचं साधं तिकीट एका तासाचं असतं आणि त्या तासात उतरून पुन्हा चढता येतं. यंत्राला बँकेचं कार्ड टेकवून पैसे देता येतात. भारतीय कार्ड असेल तर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय दोन्ही बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करून घ्या. दिवसात दोनपेक्षा जास्त वेळा चढ-उतार होणार असेल तर दिवसाचा पास घ्यावा. उन्हाळ्यात दुपारी ऑस्टेंड स्टेशनावर बाबागाडी घेऊन चढणं अवघड होतं. सकाळी साडेनऊच्या आत निघा किंवा स्टेशनाच्या एक-दोन थांबे आधी जाऊन चढा.

चालायचं असेल तर वारा पाहून दिशा ठरवा. इथे बहुतेक दिवस वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे किनाऱ्याला जवळपास समांतर. वाऱ्याला पाठ देऊन ईशान्येकडे चालत जायचं आणि ट्रामने परत यायचं. उलट केलं तर दहा किलोमीटर तोंडावर वाळू. आमच्या पसंतीचा रस्ता असा: व्हिसर्सकाई या मासेमारीच्या धक्क्याजवळून बंदर ओलांडणारी मोफत होडी घ्या. ती सायकलीही नेते, पण वादळी हवेत बंद असते आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. पलीकडे नेपोलियनच्या काळात, 1811 च्या सुमारास बांधायला घेतलेला पंचकोनी किल्ला आहे. तिथून ब्रेडेने आणि पुढे दे हान, एकूण 11-12 किलोमीटर, रमतगमत तीन-साडेतीन तास. ब्रेडेनेला समुद्राकाठी बांध नाही, इमारती नाहीत. रस्ता, वाळूच्या टेकड्या आणि मग थेट पुळण. किनारा पूर्वी कसा होता ते इथेच कळतं. ब्रेडेने आणि दे हानच्या हद्दीजवळ 2001 पासून अधिकृत विवस्त्र-स्नानाचा किनारा आहे. फलक लावलेले आहेत. आजी-आजोबांना घेऊन निघाला असाल तर तेवढा भाग टेकड्यांमागच्या पायवाटेने जा, आणि तिथे कॅमेरा खिशातच ठेवा.

ही चाल ओहोटीच्या वेळेला धरा. ऑस्टेंडला भरती-ओहोटीतला फरक साधारण चार मीटरचा आहे, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्याशी तुलना करता येईल एवढा. ओहोटीला पाणी दूर सरकतं आणि ओली, घट्ट वाळू मिळते. भरतीला चालायला वरची भुसभुशीत वाळूच उरते आणि वेळ दीडपट लागतो. दोन भरत्यांमध्ये बारा-साडेबारा तास, आणि वेळ रोज पाऊण ते एक तास पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), हे कोकणासारखंच. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे चालत नाही. दर बंदराची वेळ निराळी. ऑस्टेंडच्या भरतीचं वेळापत्रक पाहा आणि त्यातली वेळ उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे आहे की नाही तेही तपासा. तिथे एका तासाची गफलत हमखास होते.

पाण्यात उतरणाऱ्यांनी तर भरती समजून घ्यायलाच हवी. पुळण दिसते सपाट, पण तिच्यावर किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे आणि मधे घळी असतात, पश्चिमेकडच्या ओस्टडाउनकेर्के–दे पान्ने भागात तर ठळकपणे. भरती सुरू झाली की पाणी आधी तुमच्या मागच्या घळीत भरतं. पुढच्या उंचवट्यावर खेकडे शोधणाऱ्या मुलांना पाय कोरडे असल्याने काही कळत नाही आणि परतायला वळावं तर कमरेएवढं पाणी. म्हणून पाणी चढू लागण्याआधीच मागे या. दुसरा धोका दगडी बंधाऱ्यांचा. समुद्रात शिरलेले हे बंधारे भरतीला बुडतात, शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्या कडेला ओढ असते. त्यांच्यापासून लांब राहा, त्यांच्यावर चढू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये जीवरक्षक सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा असतात, तेही नेमून दिलेल्या पट्ट्यातच. हिरवा झेंडा म्हणजे पोहायला हरकत नाही. पिवळा म्हणजे धोका आहे, हवेने फुगवलेल्या गाद्या-रिंगा पाण्यात न्यायच्या नाहीत. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. झेंडा नसेल तर पहारा नाही असं समजा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की पाणी शांत दिसतं आणि फुगवलेली गादी सरळ आत जाते. त्या दिवशी हिरवा झेंडा असला तरी आम्ही गादी उघडत नाही.

मुलं हरवण्याचं कारणही पाण्यातच आहे. भरतीचा प्रवाह किनाऱ्याला समांतर, ईशान्येकडे वाहतो आणि ओहोटीचा उलट. मूल पाण्यात अर्धा तास उड्या मारतं आणि त्याच्या नकळत शंभर-दोनशे मीटर सरकतं. बाहेर येतं तेव्हा समोर भलतीच माणसं, आणि वाऱ्याचे पडदे सगळीकडे एकाच पट्ट्यापट्ट्यांचे. यासाठी किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर चित्रं लावलेले उंच खांब असतात आणि जीवरक्षकांच्या चौकीवर मुलांसाठी मनगटी पट्ट्या मिळतात. पट्टीवर पालकाचा फोन नंबर लिहा, बसण्याची जागा खांबाजवळच निवडा आणि चित्र मुलाच्या तोंडून वदवून घ्या. भारतीय नंबर लिहिताना सुरुवातीला +91 घालायचं विसरू नका.

वाळूत पुरून बसणारा एक छोटा काटेरी मासा असतो, इथे त्याला पीटरमन म्हणतात. ओहोटीला उथळ पाण्यात अनवाणी चालताना त्याचा काटा पायात घुसतो आणि भयंकर ठणका लागतो. बर्फ लावू नका. पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. त्या विषाचा जोर उष्णतेने मोडतो. श्वास लागला किंवा अंगावर सूज आली तर 112 ला फोन. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घातले तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

वाऱ्याचा जोर पाच ब्यूफोर्टच्या वर गेला की कोरडी वाळू उडू लागते. मोठ्यांच्या ती पोटरीला लागते, बाबागाडीतल्या बाळाच्या मात्र थेट डोळ्यांत जाते. त्या दिवशी पुळण सोडून गावात शिरायचं. दुसऱ्या लिओपोल्ड राजाने 1902 ते 1906 मध्ये बांधून घेतलेल्या राजेशाही गॅलरी, म्हणजे सुमारे चारशे मीटर लांबीचा खांबांचा आडोसा, मुळात वारा-पाऊस चुकवून घोड्यांच्या शर्यतींना चालत जाता यावं म्हणूनच आहेत. दुरुस्तीमुळे काही भाग बंद असू शकतो. चित्रकार जेम्स एन्सोर 1860 मध्ये याच गावात जन्मले आणि 1949 मध्ये इथेच वारले. त्यांचं घर पाहता येतं. खाली काकांचं शंख-शिंपल्यांचं आणि मुखवट्यांचं दुकान तसंच ठेवलंय, आणि ते पाहिलं की त्यांच्या चित्रांतले मुखवटे कुठून आले हे सांगावं लागत नाही. खोल्या लहान आहेत, म्हणून पावसाच्या दिवशी तिकीट आधीच काढा. स्टेशनाजवळच्या गोदीत 1932 चं तीन डोलकाठ्यांचं प्रशिक्षण-जहाज मर्केटर उभं आहे. त्याला तासभर पुरतो. राव्हरसाइडेचं अटलांटिक भिंतीचं, म्हणजे जर्मनांच्या किनारी तटबंदीचं, संग्रहालय मात्र कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. दोन्ही महायुद्धांतल्या जर्मन तोफांच्या जागा, खंदक आणि बंकर उघड्यावर आहेत, दीड-दोन तास चालणं होतं आणि हिवाळ्यात ते बंद असतं.

बंदराकडे पाहताना आपल्या वाचकांनी एक गोष्ट आठवावी. 1722 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सच्या सनदेने ऑस्टेंड कंपनी स्थापन झाली. मद्रासजवळच्या कोव्हलाँगला आणि बंगालमध्ये हुगळीकाठी बांकीबाजारला तिच्या वखारी होत्या. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांना ती इतकी खुपली की 1727 मध्ये तिची सनद स्थगित करावी लागली.

खाण्याचं. व्हिसर्सकाईवरच्या मासळीच्या ओट्यांवर सकाळी लवकर गेलं तर रात्रीच्या होड्यांचा माल मिळतो. लेप आणि राखाडी करंदी घ्यावी ती इथेच. करंदी होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेली असते, म्हणजे लगेच खाता येते. न सोललेली घेतलीत तर किलोमागे साधारण तिसरा हिस्सा मांस निघतं. सोलायची रीत अशी: डोकं एका चिमटीत, शेपूट दुसऱ्या चिमटीत धरायची, पाठीच्या बाकाच्या पुढे कवच किंचित पिळायचं, "टक्" असं सुटतं, मग शेपटीकडचं कवच ओढून काढायचं आणि डोक्यातून मांस हलकेच खेचायचं. पिळण्याआधी ओढलंत तर अर्धं मांस कवचातच राहतं. हॉटेलात याच करंदीचे कुरकुरीत क्रोकेट आणि आत करंदी भरलेला कच्चा टोमॅटो मिळतो. शिनाणे (काळे शिंपले) जुलैपासून एप्रिलपर्यंत, माणशी सुमारे किलोभराचं भांडं.

शाकाहाऱ्यांनी बटाट्याच्या फ्रीतची काळजी घ्यावी. अनेक दुकानांत ते परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. "प्लांटारडिख्" म्हणजे वनस्पती तेल आहे का, असं विचारा, आणि तेच तेल मांसाच्या तळणीलाही वापरतात का हेही विचारा. चीज क्रोकेट जवळपास सगळीकडे मिळतात, तरी तीच शंका तिथेही लागू. सूपचा पाया बहुधा मांसाचा किंवा माशाचा असतो. दुपारी दोन आणि रात्री नऊनंतर स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात, आणि हंगामाबाहेर मंगळवार-बुधवारी पुष्कळ हॉटेलं बंद असतात. पाणी मागितलं की बाटलीच येते आणि तिचे पैसे पडतात.

लहान मुलं बरोबर असतील तर सुरकुत्यांच्या क्रेप कागदाचे दोनचार रंग विकत घेऊन ठेवा. या किनाऱ्यावर मुलं कागदाची फुलं करतात, वाळूचा ओटा रचून त्यावर दुकान मांडतात आणि ती शिंपल्यांना विकतात. कोणत्या जातीचे शिंपले चालतात हे दर गावात वेगळं असतं. पैशाने फूल विकत घ्यायला गेलेल्या मोठ्यांना मुलं सरळ परत पाठवतात. आधी ओहोटीच्या रेषेवर जाऊन मूठभर शिंपले वेचायचे, शेजारच्या दुकानदाराला भाव विचारायचा आणि मग सौदा. डच येत नसलेल्या मुलांचंही यात अडत नाही.

निघायच्या दिवशी घर सकाळी दहापर्यंत रिकामं करावं लागतं. कचऱ्याला नगरपालिकेच्या ठरावीक पिशव्याच चालतात. प्लास्टिक-डबे निळ्या पिशवीत आणि काच वेगळ्या पेटीत. आंघोळीच्या जागेत वाळू धुवू नका. नळी तुंबली तर ते पैसे अनामतीतून कापले जातात, म्हणून पाय आणि बादल्या बांधावरच्या नळावर झटकून घ्या. किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे, शेगडीचे आणि बाल्कनीच्या दाराचे फोटो काढा आणि ते मालकाला लगेच पाठवा.